रंगी भर रस्त्यात बसली

यश डोक्यात गेलेली माणसं कोल्हापुरात गल्लोगल्ली सापडतात. दूध संस्थेच्या निवडणुकीत नुसता अर्ज भरला तरी चौकात डिजिटल बोर्ड लागतो, त्यावर गॉगल घातलेला फोटो आणि खाली शुभेच्छुक म्हणून अख्ख्या तालमीची नावं. आमच्या ह्यांचं सगळं उलटं. ह्यांच्या डोक्यात जायचं राहू दे, यश ह्यांच्या तोंडातसुद्धा कधी गेलं नाही.

हे मी बोलायचं म्हणून बोलत नाही. आमचा धंदाच बासुंदीचा आहे. 'बायडाई बासुंदी' पुण्यापासून बेळगावपर्यंत दुकानादुकानांत मिळते. डब्यावर डोक्यावर पदर घेतलेल्या माझ्या सासूबाई हसत असतात. लोक बोटं चाटून खातात, परत मागतात. आणि ती बनवणारा माणूस, म्हणजे माझे मालक कृष्णात, ती चमचाभरसुद्धा खात नाहीत. डबा हातात दिला तर झाकणावरची तारीख बघतात, सील बघतात आणि परत ठेवतात.

"खावा की जरा," म्हटलं तर म्हणतात, "वेळ कुणाला हाय?"

मी पूर्णिमा. माहेर गडहिंग्लज, सासर कसबा बावडा. धंद्यात निम्मी भागीदार आणि घरात पूर्ण. मी आहे तापट, ते मलाही माहीत आहे आणि प्लांटवरच्या सगळ्यांनाही. पण माझ्या जागी दुसरी कुणी असती ना, तर ती तापट नाही, वेडी झाली असती.

तुम्हीच सांगा. कागलच्या एमआयडीसीत आमच्या प्लांटचं उद्घाटन होतं. मांडव, सनई, साडेतीनशे माणसांचं जेवण. ह्यांनी फीत कापली, टाळ्या वाजल्या, मी डोळे पुसायला पदर वर घेतला, आणि हे शेजारी उभ्या असलेल्या पाहुण्यांना विचारतात, "पावणं, ह्यो बाजूचा प्लॉट कुणाचा वो?" झालं! माझे डोळे जागच्या जागी कोरडे. पुण्याला पहिली गाडी निघाली, मी नारळ फोडला, तर खोबऱ्याचा तुकडा हातात घेऊन म्हणाले, "आता बेंगळूरचं बगायला पायजे." उद्योजक म्हणून सत्कार झाला, ती ट्रॉफी गाडीच्या डिकीत स्टेपनीशेजारी पडून आहे. डिकीतले खोके घसरू नयेत म्हणून तिचा टेकू लावतात. प्रत्येक वेळी एकच प्रश्न, "पुढं काय?" माणसाला जेवताना घास गिळायच्या आधी दुसरा घास भरायची सवय असती तर डॉक्टरनं तरी रागावलं असतं. ह्याला कोण रागावणार? मीच.

पण ह्या गोष्टीत माझ्यापेक्षा जास्त वाट बघत थांबल्या त्या आत्ती.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, बायडाबाई. आमच्या गडहिंग्लजकडं सासूला आत्तीच म्हणतात, ते मी बावड्यातही सोडलं नाही. सगळं सुरू झालं ते आत्तींनी माहेराहून आणलेल्या एका रेडीपासून. तिचं नाव रंगी. रंगी मोठी झाली, दूध द्यायला लागली, आणि त्याच सुमाराला ह्यांचं वर्कशॉप बंद पडलं. मग हे रोज संध्याकाळी रंगीला घेऊन चौकातल्या दूधकट्ट्यावर जायला लागले. आमच्याकडं अजून ती पद्धत आहे. म्हैस कट्ट्यावर उभी करायची, गिऱ्हाइकासमोर धार काढायची, आणि फेसाळलेला पेला तसाच हातात द्यायचा. हे पुढं एम-एटी गाडीवर फटफट करत, आणि मागनं रंगी मोकळीच, दावं नाही काही नाही, गाडीच्या आवाजावर चालत. बघणारे बघत राहायचे. दूध उरलं की आत्ती आटवून बासुंदी करायच्या, ती कट्ट्यावरच संपायची. पुढं दूध कमी आणि बासुंदी जास्त खपायला लागली. मग गोठा वाढला, भांडी वाढली, आणि वाढत वाढत कागलला जागा घेण्यापर्यंत मजल गेली.

भूमिपूजनाच्या दिवशी घरी आल्यावर हे सरळ गोठ्यात गेले. रंगीच्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, "रंगे, प्लांट हुदे. त्या पाडव्याला तुला सगळ्या बावड्यातनं मिरवतो." आत्ती मागंच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मिरव. मग मी बी तवाच तुझ्या प्लांटची पायरी चढीन."

बावड्यात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवतात, हे ज्यानं बघितलं नाही त्याला सांगून पटायचं नाही. शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांची माळ, पायात चांदीचे तोडे, कपाळावर मोरपिसांचा तुरा. मालक पुढं सायलेन्सर काढलेली गाडी घेऊन बोंब मारत सुटतो, आणि म्हैस शेपटी वर करून त्याच्या मागं धावते. वर्षभर शेणात हात घातलेल्या माणसाचा तो एक दिवस. त्या दिवशी तो राजा आणि म्हैस राणी.

प्लांट झाला. पाडवा आला. पहिल्या पाडव्याला बॉयलर बिघडला. पुढच्या पाडव्याला मोठी ऑर्डर. त्याच्या पुढच्याला नवं मशीन बसवायचं होतं. नंतर नंतर तर कारण द्यायचीही गरज उरली नाही, कारण ह्यांच्या लक्षातच राहिलं नाही. आत्तींच्या लक्षात होतं. त्यांनी एकदाही तोंड उघडलं नाही, पण पायरी चढल्या नाहीत ती नाहीतच. एकदा डॉक्टरकडं जाताना आम्ही त्याच रस्त्यानं निघालो होतो. मी म्हटलं, "आत्ती, दोन मिनिटं उतरूया, बगून तर घ्या." त्यांनी काचेतनं फाटकावरचा स्वतःचा फोटो बघितला, म्हणाल्या, "लई गोरी केलीया मला," आणि मान फिरवून बसल्या. जिच्या नावानं बासुंदी विकतो, तिनं आतलं एक भांडंही बघितलेलं नाही. मला लाज वाटायची. खरंच वाटायची.

ह्या दिवाळीच्या आधी गुरांचे डॉक्टर रंगीला बघून गेले. आता ती दूध देत नाही, म्हातारी झाली, गोठ्यात मानानं बसून खाते. डॉक्टर म्हणाले, "मागचे पाय गेलेत हिचे. आता हळूहळू चालंल, पण पुढच्या वर्षाचं काय सांगता येत न्हाई." डॉक्टर गेल्यावर आत्ती रंगीच्या पाठीवरनं हात फिरवत बसल्या. मला म्हणाल्या, "पूर्णिमा, आमी दोघी बी आता थकलो बग. एकदा मिरवली असती तर बरं झालं असतं." एवढंच. रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. मीच चिडले.

मी त्याच पावली आत गेले आणि ह्यांच्या हातातला फोन काढून घेतला. सगळं सांगितलं. ह्यांचा चेहरा खरंच उतरला. "व्हय की गं," म्हणाले, "शब्द दिलता मी. करू की. ह्या पाडव्याला शंभर टक्के." मला बरं वाटलं. रात्री आत्तींनाही सांगितलं, त्या तर रंगीसाठी कवड्यांची माळ शोधायला ट्रंक उघडून बसल्या.

आणि दुसऱ्या दिवशी हे ऑफिसातनं आले ते हात झाडत. "झालं! पाडव्याचं सगळं अरेंज केलं."

"म्हंजे?"

"पृथ्वीराजला सांगितलंय. सगळ्यात भारी म्हशी पळवतो त्यो. त्याची गाडी, त्याची पोरं, बॅन्जो पार्टी, गुलाल, सगळं त्याच्याकडं. रंगीसाठी झूल शिवून घेतलीया. तू आन आई नुसतं उभं ऱ्हायचं."

"आणि तुम्ही?"

"आण्णांनी वेळ दिलीया न्हवं. पाडव्याचा मुहूर्त हाय." आण्णा म्हणजे त्या शेजारच्या प्लॉटचे मालक. उद्घाटनाच्या दिवसापासून हे त्यांच्या मागं लागले होते, आणि म्हातारा आत्ता कुठं विकायला तयार झाला होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अवो, म्हस तुमची, शब्द तुमचा, आणि मिरवणार पृथ्वीराज? उद्या माझ्या साठीला बी दुसऱ्यालाच उभा करशीला काय शेजारी?"

"पूर्णिमा, मिरवल्याशी मतलब. काम वाटून दिलं न्हाई तर धंदा कसा वाढंल?"

माणूस स्वतःचा आनंदसुद्धा कंत्राटावर द्यायला निघालेला. मी दार आपटलं. दाराची कडी निखळली, ती पुन्हा मलाच सुताराला बोलावून बसवून घ्यावी लागली.

पाडव्याला सकाळी मी ह्यांना ओवाळलं. पाटावर बसलेले, कपाळाला कुंकू, कानाला फोन. ताटात ओवाळणी टाकायची तर म्हणाले, "तुझ्या फोनवर पाठवलीया बग." फोन टिंग वाजला. मी निरांजनाकडं बघितलं, ह्यांच्याकडं बघितलं, आणि पाडवा आहे म्हणून गप्प बसले. दुपारी हे गाडी काढून कागलकडं निघून गेले.

इकडं गोठ्यात आत्तींनी रंगीला न्हाऊ घातलेलं. शिंगांना तेल, गळ्यात कवड्यांची माळ, कपाळावर हळदकुंकवाचा मळवट. म्हातारी म्हैस नव्या नवरीगत दिसत होती. तेवढ्यात पृथ्वीराजची पोरं झूल घेऊन आली. उलगडली तर तिच्यावर मोठ्या अक्षरांत 'बायडाई बासुंदी, सर्व दुकानांत उपलब्ध', खाली फोन नंबर. आत्तींनी ती झूल वाचली, घडी घातली आणि पृथ्वीराजच्या हातात दिली. "ही तुझ्या गाडीवर घाल बाबा. माझी म्हस काय भितीवरची जाहिरात न्हवं." पृथ्वीराज भला माणूस, हसला आणि खरंच आपल्या गाडीवर घातली.

मिरवणूक सुरू झाली. रस्ता माणसांनी फुललेला, गच्च्यांवर बायका, गुलालाचे ढग. एकेक म्हैस अशी धावत जात होती की जमीन हादरत होती, आणि पोरं ओरडत होती, "नाद खुळा!" पृथ्वीराजनं आपली भलीमोठी गाडी रंगीच्या पुढं आणली आणि रेस केली. असा आवाज, की मी कानांवर हात ठेवले. रंगी दहा-बारा पावलं चालली. थांबली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. आणि भर रस्त्यात, बॅन्जोच्या बरोबर पुढं, पाय मुडपून बसली.

मागनं येणाऱ्या म्हशी अडल्या. बॅन्जो अडला. पृथ्वीराजनं गाडी फिरवून आणली, पुन्हा रेस केली, नाव घेऊन हाका मारल्या. रंगी रवंथ करायला लागली. कुणी पेंड आणली, कुणी हिरवी वैरण. पेंड खाल्ली. वैरण खाल्ली. उठली नाही.

"ओ वैनी, म्हस उठवा की, पाठीमागं लाईन लागलीया!"

"अरं, तिला आरामात ऱ्हाऊ दे. मालकाच्या प्लांटसाठी जागा बगालीया ती!"

लोक हसत होते. मीही एरवी हसले असते. पण आत्तींकडं बघितलं आणि हसू आलं नाही. त्या रंगीच्या शिंगावर हात ठेवून उभ्या होत्या, ओठ घट्ट मिटून. एवढ्या वर्षांनी मिरवणूक निघाली आणि तिचं असं हसं झालं. मी बाजूला जाऊन फोन लावला.

"अवो, रंगी रस्त्यात बसलीया. उठंना."

"डॉक्टरला बोलव लगेच. मी निम्म्या वाटेवर, उजळाईवाडीपर्यंत आलोय गं, आण्णा तिकडं वाट बगालेत..."

"डॉक्टर नगो. तुम्ही या."

"पूर्णिमा, मी येऊन काय करू?"

"ते मला म्हाईत न्हाई!" मी अशी ओरडले की शेजारच्या बॅन्जोवाल्यानं वळून बघितलं. "आत्ती तिथं एकट्या उभ्या ऱ्हायल्यात. आज न्हाई आलासा तर परत कधीच येऊ नगा रंगीच्या गोठ्यात!"

फोन बंद झाला. पण आले. येताना गाडी लांब लावून गर्दीतनं पळत आले, चेहरा पांढराफटक. त्यांना वाटलेलं रंगी गेलीच. कडक इस्त्रीचा कोट, काळा गॉगल, अंगाला अत्तर. रंगी रवंथ करताना दिसली आणि ह्यांच्या जिवात जीव आला. "आयला, बरी हाय की!" म्हणत हसत पुढं झाले, तिच्यासमोर बसले आणि हाक मारली, "रंगेऽ!"

रंगीनं त्यांना हुंगलं. जोरात फुसकारली. आणि तोंड फिरवलं.

"मालक, म्हस वळखंना की तुम्हाला!" गर्दीतनं कुणीतरी ओरडलं आणि हशा झाला. हेही हसले. गॉगल काढला, दुसऱ्या बाजूला जाऊन बसले, पुन्हा हाक मारली. रंगीनं पुन्हा तोंड फिरवलं. आता ह्यांचं हसू मावळलं. त्यांनी तिच्या कपाळाला हात लावला तर तिनं मान झटकली. हे तसेच उकिडवे बसून राहिले. मग माझ्याकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "पूर्णिमा, ही खरंच वळखंना गं मला."

मला इतका राग होता ह्यांचा, पण त्या आवाजानं सगळा उतरला.

तेव्हा आत्ती बोलल्या. चढ्या आवाजात नाही, अगदी साधं. "कशी वळखंल रं? तुझ्या अंगाला शेणाचा वास यायचा, त्यो तिचा किस्ना. ह्यो अत्तरवाला पावना तिला कुटं म्हाईत हाय? तू तिला भेटाय आलास कधी? गोठ्याच्या दारातनं वैरणीचा हिशेब इचारतोस आन जातोस."

हे मान खाली घालून रस्त्यावर बसले, त्या कडक इस्त्रीच्या पँटीसकट.

"केरबा आलाय काय बगा," आत्ती म्हणाल्या.

केरबा आमच्या गोठ्याचं बघतो. ह्यांच्या बरोबरीचा, कट्ट्यावरच्या दिवसांपासूनचा. जुनी एम-एटी आम्ही त्यालाच देऊन टाकली होती, वैरण आणायला. तो गर्दीच्या कडेला त्याच गाडीवर बसून, मागं उसाच्या शेंड्यांचा, वाड्याचा भारा बांधून, सगळा तमाशा बघत होता. त्यानं भारा खाली टाकला आणि गाडी ढकलत आणली. "घ्या मालक. तुमची तुम्हीच चालवा."

ह्यांनी कोट काढून माझ्याकडं फेकला. केरबाचा मळका टॉवेल घेऊन मानेवरचं अत्तर खसाखसा पुसलं आणि तोच टॉवेल डोक्याला गुंडाळला. गाडीवर बसून किक मारली. नाही. पुन्हा मारली. नाही. लोक मोजायला लागले. मग एकदम काहीतरी आठवल्यासारखे खाली उतरले, गाडी डाव्या अंगाला पार झुकवली, सरळ केली, टाकीवर एक थाप मारली, आणि किक.

फट... फट... फटफटफटफट.

रंगीचे कान उभे राहिले. मी डोळ्यानं बघितलं. तोंडातली रवंथ थांबली, मान वळली.

"हुर्रर्र, चल रंगेऽऽ!" ह्यांनी हाळी दिली. किती वर्षांनी ऐकली मी ती हाळी! लग्न होऊन आले तेव्हा रोज संध्याकाळी ऐकायची.

रंगीनं आधी पुढचे पाय टेकवले. मग मागचे. एकदा डगमगली, आत्तींनी तोंडावर हात घेतला. आणि उठली! अख्खा बावडा ओरडला. कुणी एवढा गुलाल उधळला की मला मिनिटभर काही दिसेनाच. बॅन्जोवाल्यांना चेव आला. मी काय ओरडले ते मला आठवत नाही, पण घसा दुसऱ्या दिवशीपर्यंत बसला होता.

आता रंगी पळणार थोडीच! ती निघाली आपली डुलत डुलत, एकेक पाय सांभाळून. आणि पुढं हे, दोन्ही पाय जमिनीला घासत, जेमतेम गाडी ढकलल्यासारखे. बाजूनं तरण्या म्हशी सुसाट निघून जात होत्या, आणि जन्मात कधी कुणाला पुढं जाऊ न दिलेला माझा नवरा सगळ्यांना वाट देत होता. वेगच नाही म्हटल्यावर माणूस करणार काय? इकडं तिकडं बघायला लागले. कोपऱ्यावरच्या दुकानात आमच्या डब्यांची रांग दिसली तर म्हणाले, "अगं, हितं बी ठेवत्यात व्हय आपली?" मी म्हटलं, "पहिल्यापासनं ठेवतात. तुम्ही ह्या रस्त्यानं काच बंद करून जाता." एक बाई गच्चीवरनं ओरडली, "दादा, लेकीच्या बारशाला तुमचीच बासुंदी हुती हं!" ह्यांनी हात जोडले. पुढं एक आजोबा, पुढं दोन पोरी, पुढं शाळेतले मास्तर. प्रत्येकाचं काहीतरी होतं सांगायला. लाडू वाटल्यासारखी माणसं चांगलं बोलत होती, आणि हे लाजून लाल झाले होते. का गुलाल होता तो, कुणास ठाऊक.

देवळापाशी मिरवणूक संपते. पण चौकात आल्यावर रंगी सरळ गेलीच नाही. उजवीकडं वळली.

"अगं, तिकडं न्हाई! रंगेऽ, देवळाकडं!" हे ओरडले. ती कशाला ऐकते? आता ती पुढं आणि एम-एटी मागं. पन्नास पावलांवर दूधकट्टा. तिथं लिंबाखाली जाऊन आपल्या रोजच्या जागेवर, तोंड भिंतीकडं करून, ती जशी रोज उभी राहायची तशी उभी राहिली आणि डोळे मिटले.

हे तिच्या शेजारी गाडी बंद करून उभे राहिले. कट्ट्यावरची जुनी माणसं उठून आली, पाठीवर थापा मारल्या. केरबानं समोरच्या दुकानातनं बासुंदीचे डबे आणले आणि सगळ्यांना वाटले. एक ह्यांच्या हातात दिला. सवयीनं ह्यांची नजर झाकणावर गेली.

"तारीख नगा बगू," मी म्हटलं. "खावा."

ह्यांनी चमचा भरला आणि तोंडात घातला. दुसरा घातला. मग लहान पोरागत माझ्याकडं बघितलं. "पूर्णिमा, चांगली हाय की गं."

"आता कळालं? सगळ्या पुण्याला कळून झालं!"

ते हसले, आणि हसता हसता डोळ्यांतनं पाणी आलं. तोंडात बासुंदी, गालावर गुलालाचे ओघळ. म्हणाले, "हितं पेला घेऊन गिऱ्हाइकाची वाट बगत उभा ऱ्हायचो मी. हितनं आपण... पूर्णिमा, आपण केलं न्हवं हे?"

"व्हय," मी म्हटलं. "आपणच केलं." एवढी वर्षं हे एक वाक्य ऐकायला मी आसुसले होते, आणि ते मला असं म्हशीच्या शेपटीशेजारी उभं राहून ऐकायला मिळालं. मी तिथंच, सगळ्यांसमोर, ह्यांच्या हातातला चमचा घेऊन एक घास खाल्ला. कुणीतरी शिट्टी मारली. मारू दे.

माझ्या हातातल्या कोटात फोन वाजत होता. आण्णांचा. मी ह्यांच्यापुढं धरला. त्यांनी उचलला आणि म्हणाले, "आण्णा, म्हशीसंगं हाय. येतो मागनं." आणि बंद केला.

आत्ती कट्ट्यावर टेकून हे सगळं बघत होत्या. त्यांनी आपला डबा संपवला, बोट पुसलं आणि म्हणाल्या, "वेलदोडा कमी हाय. चल, किस्ना. बगू तुझा प्लांट."

रंगीला केरबानं सावकाश घरी नेलं. आम्ही तिघं गाडीनं कागलला पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. पाडवा म्हणून प्लांट बंद, सगळं शांत. फाटकाशी आण्णा खुर्ची टाकून बसलेले. ते उठले, पण आत्तींना बघून परत बसले. आत्ती दाराशी आल्या, चप्पल काढली, पायरीला हात लावून कपाळाला लावला, आणि उजवं पाऊल वर ठेवलं. ह्यांनी हात धरला होता. आतली मोठी मोठी भांडी त्यांनी एकेक हात लावून बघितली, "माझ्या कढईगतच हाईत की," म्हणाल्या, भिंतीवरचा स्वतःचा फोटो बघून पुन्हा नाक मुरडलं. फिरून फिरून गुडघे दुखले तशा बाहेर येऊन पायरीवरच बसल्या.

आण्णा पुढं आले. "कृष्णातराव, जागा बगायची न्हवं? उजेड हाय तवर..."

"बगू की आण्णा. ती काय पळून जात न्हाई," हे म्हणाले. "बसा तुम्ही बी. बासुंदी खावा."

मी आतनं डबे आणले. आण्णा खुर्चीवर, आम्ही तिघं पायरीवर. समोर हायवेवरनं गाड्या जात होत्या. आत्तींनी पदरानं ह्यांच्या कानामागचा गुलाल पुसला आणि विचारलं, "आता पुढं काय रं किस्ना?"

मी ह्यांच्याकडं बघितलं.

"पुढं काय न्हाई, आई," हे डबा उघडत म्हणाले. "बसूया की जरा."

आणि आम्ही बसलो.